रॉकेलची बाटली आणि मिठाचं पाणी

प्रश्न : सिस्टर, आमचं गाव जांबोटीच्या पलीकडं. पावसात ओली लाकडं पेटवायला थोडं रॉकेल पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं. जावेच्या दीड वर्षाच्या पोरानं ते घोटभर प्यालं. सासूबाईंनी मिठाचं पाणी पाजून उलटी काढली. पोरगं खोकायला लागलं, तीन दिवस दवाखान्यात होतं. आता बरं आहे. सासूबाई म्हणतात उलटीनं वाचलं, डॉक्टर म्हणाले उलटीनंच बिघडलं. खरं कुणाचं?
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर : डॉक्टरांचं. रॉकेल पोटात राहिलं तर तेवढा धोका नसतो. उलटीबरोबर ते परत घशाशी येतं, श्वासनळीत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. थोडंसं गेलं तरी पुरतं. मिठाचं पाणी तर लेकराला वेगळंच विष, अंगात मीठ वाढून झटके येतात. तेव्हा उलटी काढायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. तोंड पुसा, रॉकेल सांडलेले कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि निघा. खोकला नसला तरी निघा, कारण धाप काही तासांनीही लागते. बाटली सोबत न्या, म्हणजे काय पोटात गेलं ते डॉक्टरांना तिथंच कळतं.

सासूबाईंवर चिडू नका. मी तीस वर्षं सिस्टरकी केली, तरी माझ्याच देव्हाऱ्यातला कापूर लेकीनं खडीसाखर समजून खाल्ला. अर्ध्या तासात जीपमध्येच तिला झटके आले. डबी उघडी मीच ठेवली होती, आरती करून उठताना. आजही कापराचा वास आला की माझे हात गार पडतात. गरोदर बायकांच्या लोहाच्या लाल गोळ्याही पोरांना गोड वाटतात. त्यात फसगत अशी की आधी उलट्या होतात, मग पोर बरं दिसतं आणि काही तासांनी एकदम ढासळतं. बरं दिसलं म्हणून वाटेतून माघारी फिरू नका.

तुमच्याकडं पावसाळ्यात रेंजचा भरवसा नाही. म्हणून आजच खडूनं दाराच्या मागं लिहा : १०८, दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ (फुकट, रात्रंदिवस), गावात गाडी कुणाची आहे त्याचा नंबर आणि पोराचं वजन. वजन हवंच, औषधाचा डोस त्यावरच ठरतो. पोर बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा धाप लागली असेल तर फोनवर विचारत बसू नका, आधी १०८.

आणि हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवू नका बाई. रॉकेलचा कॅन त्यांच्याच ताब्यात द्या, माळ्यावर कुठं ठेवायचा ते त्याच ठरवतील. फक्त त्यांची मिश्रीची डबी उशाखाली असते का, तेवढं बघा. तीही तंबाखूच की.