वाट शेवटची कधी भिजली?

बाळा, अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचा फोटो बघितला. सोललाय चांगलाच, पण हाड शाबूत आहे, तेव्हा ओरडत नाही. फोटोखाली लिहिलंयस, "काका, काही कळलंच नाही, सायकल एकदम खालून गेली." पडलेला प्रत्येक जण हेच सांगतो. मीही सांगितलंय.

तू पडलीस ते वळण मला माहीत आहे. माळ उतरताना निलगिऱ्या संपतात आणि वाट उजवीकडं झुकते, तेच ना? पावसाळाभर माळाचं पाणी त्या वळणावरनं वाहतं. जाताना माती घेऊन जातं आणि वाटाण्याएवढे लाल खडे मागं ठेवतं. दिवाळीच्या आसपास ऊन लागलं की खालचा थर फरशीसारखा टणक होतो आणि हे खडे वर सुटे पडून राहतात. घरी फरशीवर वाटाणे सांडले की आई का ओरडते? चाकाचंही तेच होतं. टायरची पकड जमिनीवर नसतेच, खड्यांवर असते, आणि खडे गडगडतात.

मी जोतिबाच्या डोंगराच्या अंगानं एका पायवाटेवर असाच आपटलो होतो. ऑक्टोबरची सकाळ, आभाळ निळंशार, वेग मजेचा. वळणात शिरल्यावर वाटलं, जरा जास्तच होतंय, आणि पुढचा ब्रेक दाबला. चाक आडवं सरकलं ते मला अजून हळूहळू दिसतं. पडताना हात पुढं टाकला आणि मनगट गेलं. सहा आठवडे प्लॅस्टर, डाव्या हातानं भाकरी मोडायची. खड्यांचा दोष नव्हता. ते तिथंच होते, दहा पावलं आधीपासून दिसत होते. मला ब्रेक त्या दहा पावलांत लावायचा होता, मी वळणात लावला. वळणाऱ्या चाकाची सगळी ताकद वळण्यातच खर्च होत असते. त्यात थांबायचंही काम त्याच्यावर टाकलं की ते दोन्ही कामं सोडून देतं.

आता मुख्य गोष्ट. तू कुणाला वाटेबद्दल विचारतेस तेव्हा "रस्ता कसा आहे?" असं विचारतेस. "चांगला हाय की" याशिवाय उत्तर येत नाही. आपल्याकडं कोण वाईट सांगणार? त्यापेक्षा विचार, वाट शेवटची कधी भिजली, आणि त्यानंतर ऊन किती पडलं? मुरमाची वाट पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनी सगळ्यात चांगली असते. ओल असते, खडे मातीत रुतून बसलेले असतात, टायर चावा घेतो. तीच वाट तीन आठवडे कोरडी राहिली की दगा देते. लोकांना उलट वाटतं, कोरडं म्हणजे सुरक्षित.

सगळ्यात वाईट वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग येतात, पंधरा मिनिटं धो धो पडतं, मातीचा वास सुटतो आणि पोरं सायकली काढतात. त्या पावसानं वरचा बोटभर थर भिजलेला असतो, खाली खडखडीत कोरडं. म्हणजे टणक पाटावर लोणी फासल्यासारखं. वळिवानंतर त्या संध्याकाळी चहा-भजी खा, सायकल दुसऱ्या दिवशी.

मृग लागला की बागेतल्या वाटांवर जांभळाच्या झाडाखाली सांभाळ. हसू नकोस. चिरडलेल्या जांभळांचा लगदा आणि त्यातल्या बिया, याहून निसरडं मी फार कमी बघितलंय. वडा-पिंपळाची वर आलेली ओली मुळंही तशीच. मूळ आडवं असेल तर सरळ काटकोनात पार कर, त्यावर असताना ब्रेकला हात लावू नकोस आणि हँडल वळवू नकोस. तिरकी गेलीस तर चाक मुळाच्या कडेनं घसरत जातं.

काळ्या मातीत, उसाच्या शेतांमधल्या वाटांवर, पावसात जाऊच नकोस. तिथं पडण्याआधी सायकलच थांबते. माती टायरला गुंडाळत जाते, फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या मधे, भरते, चाक फिरायचं बंद होतं आणि मग तू काटकीनं खरवडत बसतेस. एकदा मी सायकल खांद्यावर घेऊन बांधावरनं चाललो होतो, एका म्हातारबाबांनी विचारलं, "सायकल तुमाला न्हेती का तुमी सायकलीला?" शिवाय चिखलात उमटलेली तुझी चाकोरी पुढं उन्हात विटेसारखी पक्की होते. महिन्यानं येणाऱ्याचं पुढचं चाक तिच्यात अडकतं. कधी तूच अशा चाकोरीत सापडलीस तर हँडल ओढून बाहेर यायला बघू नकोस, पडशीलच. नजर लांब ठेव, वेग सोड, पाय टेकव.

मसाई पठारावर श्रावणात जायचं म्हणत होतीस. जा, पण अर्धी वाट चालायची तयारी ठेव. तिथला जांभा दगड वरनं खरबरीत दिसतो, म्हणून भरवसा वाटतो. पावसाळ्यात त्यावर हिरवट-काळं शेवाळ धरतं आणि खाचखळग्यांत पाणी साचतं, त्या पाण्याची खोली वरनं कळत नाही. १६६० च्या आषाढात महाराजांची पालखी पन्हाळ्यावरनं विशाळगडाकडं याच पठारावरनं गेली, भर पावसात, रात्री. भोयांच्या पायांना काय काय कळत असेल, हे मला त्या शेवाळावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं. तू आधी बुटाचा तळवा घासून बघ. पाय सरकला तर चाकही सरकणार. आणि बूट घाल हं. कोल्हापुरी चप्पल मिरवायला झकास, ओल्या पॅडलवर तिचा चामडी तळ क्षणात सटकतो.

पावसाळा संपल्यावर गवत कमरेएवढं होतं आणि वाटेच्या कडेचे दगड, पाण्यानं पाडलेल्या घळी त्यात लपतात. म्हणून दोन माणसं समोरून आली की गवतात घुसू नकोस, थांबून त्यांना जाऊ दे. तसंही पहाटे फिरायला येणाऱ्यांचा हक्क आपल्याआधी.

टायरची हवा. दुकानदार दगडासारखी टणटणीत भरून देतो, कारण गिऱ्हाईक बोटानं दाबून बघतं. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचाच असा नियम नाही. तुझ्या वजनाला आणि सव्वादोन इंची टायरला पुढं २५ ते २८ पीएसआय, मागं दोन-तीन जास्त, एवढं पुष्कळ. टायर जरा बसतो, जमीन जास्त धरतो. फार कमीही नको, नाहीतर दगडावर आदळलं की ट्यूब रिमखाली चेपून दोन बारीक भोकं पडतात. बाभळीच्या काट्याला मात्र हवा कमी काय, जास्त काय, सारखीच.

उतारावर दोन्ही पॅडल एका पातळीत, ढुंगण सीटवरनं उचलून जरा मागं, कोपरं सैल. सैल म्हणजे कशी, ते कागदावर सांगता येत नाही.

रविवारी ये. सहाला नको, आठला. थंडीतलं दव दगडावर आणि गवतावर तोवर बसलेलं असतं. आधी त्या वळणावर चालत जाऊ, तू कुठं ब्रेक लावलास ते दाखव. तुझ्या टायरची सरकलेली खूण अजून असेल तिथं, कारण त्यानंतर पाऊस झालेला नाही.

जखमेवर हळद लावून घरी बसू नकोस. धुऊन डॉक्टरांना दाखव, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय ते आईला विचार.

तुझा,
काका