दिवाळीतले काजवे

"मॅडम, मला काही सुचतच नाही हो." हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षातून सात-आठदा तरी ऐकू येतं. ते फक्त लेखकांचं नसतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडून बसलेला प्राध्यापक हेच म्हणतो, दरवर्षी स्नेहसंमेलनाचं नाटुकलं लिहून बसवणाऱ्या बाई म्हणतात, एकदा तर एक कीर्तनकार म्हणाले होते. पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, "आटलं का हो माझं सगळं?"

त्याचं उत्तर म्हणून एका बाईंची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. मजकूर त्यांनी छापण्याआधी वाचला आणि दोन ठिकाणी माझा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला.

त्यांना वसुधाताई म्हणू. नाशिकच्या, वय ६१, शाळेतून निवृत्त. मुलांसाठी पाच कादंबऱ्या लिहिलेल्या. पहिली गोष्ट 'किशोर'मध्ये आली तेव्हा नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. त्या माझ्याकडे लेखनासाठी आल्याच नव्हत्या, झोपेसाठी आल्या होत्या. पहाटे साडेतीनला जाग येते, मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड वगैरे तपासून घेतलं, सगळं ठीक निघालं, आणि त्यांनी माझ्या नावानं चिठ्ठी दिली.

पहिल्या भेटीत मी नैराश्याची चाचणी घेते. नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, एकूण गुण २७. वसुधाताईंचे आठ आले. पाच ते नऊ म्हणजे सौम्य लक्षणं. हा आकडा वीसच्या घरात असता तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि ही हकिगत वेगळी झाली असती. हे मुद्दाम सांगते, कारण "सुचत नाही"च्या आड कधी कधी खरोखरच आजार असतो आणि तिथं गप्पा पुरत नाहीत.

छताकडे बघत काय चालतं डोक्यात, असं विचारलं तेव्हा लेखन निघालं. तीन वर्षांत एक ओळ नाही. कारण त्यांच्याकडे तयार होतं. "मुलं आता वाचत नाहीत. मोबाइल आहे ना. कुणासाठी लिहायचं? आणि प्रेरणा अशी ओढून आणता येत नाही." मग स्वतःच म्हणाल्या, "साने गुरुजींनी याच नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई'चा बहुतेक भाग पाच दिवसांत लिहून काढला. मला तीन वर्षांत पान नाही."

मी म्हटलं, "१९३३ साली ना? गुरुजी तेव्हा ३३ वर्षांचे होते. पाच दिवस हाताला लागले, बाकीची वर्षं पोटात होतीच की."

त्या हसल्या. मला वाटलं, बरं बोललो आपण. पण हजरजबाबीपणानं कुणाचं काही सुटत नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

पुढची चूक तर शुद्ध माझी. मी त्यांना गृहपाठ दिला, रोज सकाळी तीनशे शब्द, काहीही, वाईट चालतील. हा उपाय पुष्कळांना लागू पडतो, म्हणून माझ्या जिभेवरच असतो. दोन आठवड्यांनी त्या आल्या त्या वही न घेताच. चेहरा उतरलेला. "मी छत्तीस वर्षं मुलांना गृहपाठ दिला मॅडम, न केलेल्या गृहपाठाचं तोंड मला माहीत आहे." माझ्या उपायानं त्यांच्या पदरात आणखी एक अपयश टाकलं होतं. पहाटेची जाग साडेतीनवरून तीनवर आली होती.

मग मी सल्ला देणं थांबवलं आणि साधी माहिती विचारायला लागले. शेवटची ओळ लिहिली तो दिवस कोणता? लेखन थांबलं त्या सुमारास आणखी काय काय थांबलं?

यादी लांबली. लेखन थांबलं. शाळांमध्ये गोष्ट सांगायला जाणं थांबलं. सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी जायच्या, तेही. प्रकाशकांचे फोन नवरा घेतो. आणि मुलांची पत्रं? त्यावर त्या जरा थांबल्या. "आहेत. दिवाणाखाली, चपलांच्या खोक्यात."

"किती?"

"मोजली नाहीत."

इथं माझे कान टवकारले. आटलेल्या माणसाला खोकं दिवाणाखाली सरकवायची गरज पडत नाही. सरकवावं लागतं ते नको असलेलं काहीतरी. टाळण्याची गंमत अशी की टाळलं की लगेच हायसं वाटतं. फोन नाही घेतला, हुश्श. पत्र नाही उघडलं, हुश्श. त्या हुश्शचीच चटक लागते. पुढच्या वेळी टाळणं सोपं जातं आणि भीती मात्र होती तेवढीच राहते, कारण ती खरी की खोटी हे बघायला आपण जातच नाही. पुष्कळ दिवसांनी फक्त परिणाम दिसतो, आणि त्याला आपण नाव देतो: सुचत नाही.

"मुलं वाचत नाहीत" हे ज्यांच्या दिवाणाखाली खोकंभर पत्रं आहेत त्या म्हणत होत्या, हेही मी त्यांना दाखवलं. त्या रागावल्या. मला ते बरं वाटलं.

चौथ्या भेटीत गोष्ट बाहेर आली. तीन वर्षांपूर्वी १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. एका शाळेत कार्यक्रम होता. वसुधाताईंनी नव्या कादंबरीतलं चौथं प्रकरण वाचायला घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत राघू नावाचा मुलगा आजोबांच्या मळ्यात येतो, फराळ करून रात्री बाहेर पडतो, आणि विहिरीवरचं झाडच्या झाड काजव्यांनी उजळलेलं असतं. इतक्यात मधल्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. "बाई, दिवाळीत एवढे काजवे नसतात."

त्यानं तेवढंच म्हटलं. पण व्यासपीठावरचे पाहुणे माइकवर म्हणाले, "लेखिकाबाईंची कल्पनाशक्ती आहे बाळा, त्यांच्याकडे बाराही महिने दिवाळी!" सगळं सभागृह हसलं, शिक्षक हसले, वसुधाताईही हसल्या. पुस्तक मिटलं. "वेळ झाली" म्हणून नारळ-शाल घेऊन घरी आल्या.

"एवढंच ना?" असं ऐकणाऱ्याला वाटेल. मलाही क्षणभर वाटलं होतं. पण ज्या बाईंनी आयुष्यभर "चुकलं तरी चालेल, हात वर करा" असं मुलांना सांगितलं, त्यांना स्वतःची चूक चारशे मुलांसमोर उघडी पडल्यावर दुसरं काहीच करता आलं नव्हतं. तो मुलगा बरोबर होता, हे त्यांना त्याच रात्री कळलं. आपल्याकडे सह्याद्रीत काजव्यांचा मोठा मेळा असतो मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस कोसळायच्या आधी. त्या नाशिकच्या, भंडारदरा काही फार लांब नाही. "मला माहीत असायलाच हवं होतं. मुलांसाठी लिहिणाऱ्यानं चुकताच कामा नये. मुलं विश्वास ठेवतातच ना आपल्यावर!"

मी कागद घेतला आणि त्यांच्या बोलण्यातले 'च' लिहून त्यांच्यापुढे सरकवले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं मुख्य म्हणणं असं की माणसाला घटना तितकी छळत नाही, घटनेबद्दलचा त्याचा हट्ट छळतो. हा हट्ट हुडकायला मराठीत फार कष्ट नाहीत, एका अक्षरावर नजर ठेवली की पुरतं. 'चुकू नये' ही इच्छा झाली. 'चुकताच कामा नये' हा स्वतःवर बजावलेला हुकूम. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हुकूम मोडला की शिक्षा होते, आणि वसुधाताई तीन वर्षं शिक्षा भोगत होत्या, रोज पहाटे साडेतीनपासून.

व्याकरणाच्या बाईंना हे पटलं. म्हणाल्या, "शब्दयोगी अव्ययानं घात केला म्हणायचा." आता त्यांचं माझ्याशी 'अगं-तुगं' सुरू झालं होतं.

खोकं त्यांनी पुढच्या भेटीला आणलं. घरी एकटीनं उघडायचं नाही, इथं उघडू, असं ठरलं होतं. त्रेचाळीस पत्रं निघाली. बरीचशी पोस्टकार्डं, मराठीच्या तासाला पत्रलेखन म्हणून लिहून घेतलेली, एकसारखी. काहींवर चित्रं. अगदी तळाशी एक न उघडलेलं पाकीट होतं, त्या शाळेच्या शिक्क्याचं. तारखेवरून कार्यक्रमानंतर महिनाभरानं आलेलं.

"तू वाच," त्या म्हणाल्या.

"मी ऐकते, तुम्ही वाचा."

वहीच्या दुरेघी पानावर लिहिलेलं होतं. परवानगीनं देते आहे, त्यातली ठिकाणं जरा बदलून:

"आदरणीय बाई, सा. न. वि. वि. मी त्या दिवशी हसलो नव्हतो. बाकीचे हसले. मी खरं सांगितलं. माझ्या मामाच्या गावाला भंडारदऱ्याच्या जवळ काजवे पावसाच्या आधी येतात. सादड्याच्या आणि हिरड्याच्या झाडावर बसतात. एकदम लागतात आणि एकदम विझतात. पाऊस जोरात लागला की जातात. दिवाळीत मी गेलो होतो तेव्हा एवढे नव्हते. बाकी गोष्ट चांगली आहे. पण तुम्ही मधेच थांबलात. राघू विहिरीत उतरला का? आपला आज्ञाधारक."

वसुधाताईंनी पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या, खूप वेळ. मी काही बोलले नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "तीन वर्षं पोरगं विहिरीच्या काठावर उभं आहे गं."

पुष्कळ लेखक विचारतात, वाचकांशी नातं कसं जोडायचं. त्यात कार्यक्रम आलेच, समाजमाध्यमं आली, सह्यांच्या रांगा आल्या. त्या मुलानं जे केलं त्याची जात निराळी आहे. त्याला गोष्टीतला मळा खरा वाटला, म्हणून तिथले काजवे त्याला खुपले. परीच्या राजवाड्यात बाराही महिने काजवे असते तरी तो उठला नसता. अमेरिकेतल्या बाललेखिका बेव्हर्ली क्लिअरी यांची गोष्ट मी त्या दिवशी वसुधाताईंना सांगितली. तरुणपणी त्या एका गावात मुलांच्या ग्रंथपाल होत्या. एका मुलानं त्यांना विचारलं, आमच्यासारख्या मुलांची पुस्तकं कुठं आहेत? तो प्रश्न डोक्यात राहिला आणि त्यांचं पहिलं पुस्तक १९५० साली निघालं. नंतर आई-वडील वेगळे झालेल्या मुलावर लिहा, अशी मुलांचीच पत्रं आली, त्यातून जे पुस्तक झालं त्याला बालसाहित्यासाठीचं १९८४ सालचं न्यूबेरी पदक मिळालं. प्रेरणा म्हणून आपण जिची वाट बघत बसतो ती कधी कधी टपालानं आलेली असते आणि आपण पाकीट फोडलेलं नसतं.

गृहपाठ ठरला, पण या वेळी त्यांनीच ठरवला: लिखाण नाही, फक्त उत्तरं, दिवसाला दोन. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, मिळालं तर. घराजवळच्या पोस्टात शिल्लक नव्हती, दुसऱ्या पोस्टात जाऊन त्यांनी पंचवीस रुपयांची पन्नास आणली. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "मावशी, लग्नपत्रिका का?" त्रेचाळीस उत्तरांना चार आठवडे लागले. त्या मुलाचं सगळ्यात शेवटी लिहिलं. त्यात माफी नव्हती. माफी मागितली की पत्र त्याच्याविषयी न होता आपल्याविषयी होतं, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. लिहिलं होतं, तू बरोबर होतास. राघू उतरला. पण रहाटाचा दोर जुना होता.

त्याचं उत्तर आलं. तो आता नववीत आहे, क्रिकेट खेळतो, "अशी पुस्तकं" आता वाचत नाही, असं त्यानं मोकळेपणी कळवलं. पुस्तक धाकट्या बहिणीला दिलंय. ती विचारते आहे, दोर तुटला तर वर कोण काढणार, आजोबा तर झोपलेत. वसुधाताईंना ते 'अशी पुस्तकं' लागेल अशी मला धास्ती होती. त्या खदखदून हसल्या.

झोप एकदम सुधारली नाही. पहाटे पाचपर्यंत आली, ती वयाची म्हणून आम्ही दोघींनी सोडून दिली. नऊ प्रश्नांचे गुण तीनवर आले.

गेल्या भेटीत त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या, हातात पुस्तकाची प्रत, तिच्यात कागदाचे कपटे खोवलेले. प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतायत. "काजवे तेवढे काढून टाका, एका ओळीचं काम आहे," असं ते म्हणाले म्हणे. वसुधाताईंना ते मान्य नव्हतं. काजवे गेले तर राघू रात्री विहिरीवर जाईलच कशाला? म्हणजे काजवे ठेवायचे आणि दिवाळी काढायची. दिवाळी काढली की फराळ गेला, कंदील गेला, थंडी गेली, आजोबांचं घोंगडं गेलं. मेअखेर धरली तर विहिरीला पाणी तळाशी, मग राघू बुडेल कसा? आणि तीन नंबरच्या प्रकरणात शाळेची घंटा चोरीला जाते, ती मे महिन्यात कोण वाजवत होतं?

"सांग ना," त्या म्हणाल्या, "सुट्टीत शाळेत कोण असतं?"

"शिपाई?" मी म्हटलं.

"शिपाई माझा सहाव्या प्रकरणात येतो. आधी आणला तर चोर लगेच कळतो गं." त्यांनी कपटा काढून त्यावर काहीतरी खरडलं, खोडलं. भिंतीवरच्या घड्याळात आमची वेळ संपून दहा मिनिटं झाली होती आणि बाहेर पुढचे गृहस्थ खोकत होते.