सोयीच्या लग्नावरचा 'द प्रपोजल' सगळ्यांना आवडतो, मग मला तो पोकळ का वाटला?

तुम्ही लिहिलंय की मित्रांनी डोक्यावर घेतला म्हणून २००९ सालचा 'द प्रपोजल' हा इंग्रजी सिनेमा बघितला, हसू आलं, पण शेवटी नायक-नायिका एक झाले तेव्हा काहीच वाटलं नाही. माझ्यातच काही कमी आहे का, असं तुम्ही विचारता. तुमच्यात काही कमी नाही. मलाही काही वाटलं नव्हतं. ते का वाटलं नाही, हे मला आईमुळं उमगलं.

आम्ही बीड जिल्ह्यातले, केज तालुक्यातले. माझ्या आईवडिलांचं लग्न साटंलोटं. आई इकडं दिली आणि वडिलांची बहीण आईच्या भावाला दिली. १९८६ सालची गोष्ट. एक मांडव, एक पंगत, हुंडा कुणी कुणाला द्यायचा नाही. दोन्ही घरांची ऐपत तेवढीच होती. त्यामुळं माझी आत्या हीच माझी मामी.

साटंलोट्यात एका घरचं भांडण दुसऱ्या घरी पोचतं. आत्या मामाशी भांडून माहेरी आली की दोन दिवसांत आईच्या वडिलांचा निरोप यायचा, आमची लेक धाडून द्या. आईचं वडिलांशी काही वाकडं नसायचं, तरी तिनं पिशवी भरायची आणि एसटीत बसायचं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा वडील म्हणाले, तू थांब. आत्याला सायकलवर मागं बसवून ते स्वतः मामाच्या गावाला गेले, दोन दिवस तिथंच राहिले आणि बहीण-मेव्हण्याचं मिटवूनच परत आले. आई सांगते, "तवा वाटलं, हा मानूस आपला हाय." तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती.

साटंलोटं चांगलं असं मी अजिबात म्हणत नाही. सोय दोन घरांची होती. आईला आणि आत्याला कुणी विचारलं नव्हतं. पण सोयीच्या लग्नात प्रेम कुठून येतं हे मला त्या सायकलीमुळं माहीत आहे, म्हणून या सिनेमाकडून माझी अपेक्षा मोठी होती.

सुरुवात तर फार चांगली आहे. मार्गारेट न्यूयॉर्कमधल्या प्रकाशन संस्थेत मुख्य संपादक, मूळची कॅनडाची. व्हिसाचं प्रकरण बिघडतं आणि देश सोडायची पाळी येते, म्हणून ती आपल्या हाताखालच्या अँड्र्यूला नवरा व्हायला लावते. अधिकारी बजावतो की लग्न खोटं निघालं तर पाच वर्षं तुरुंग आणि अडीच लाख डॉलर दंड. मग रस्त्यात अँड्र्यू तिला गुडघ्यावर बसून मागणी घालायला लावतो, त्याआधी बढती आणि आपलं पुस्तक छापण्याचं वचन पदरात पाडून घेतो. इथं मी सरसावून बसले होते. दोघंही गरजू, दोघंही घासाघीस करणारे. यातून खरा विनोद निघतो.

मग ते अँड्र्यूच्या आजीच्या नव्वदाव्या वाढदिवसाला अलास्कात सिटका गावी जातात आणि सगळी गरज हवेत विरते. गावातली निम्मी दुकानं अँड्र्यूच्याच घरची असल्याचं कळतं. अशा घरच्या मुलाला ही नोकरी गेली तर गेली. पुढं गरुड येऊन कुत्र्याचं पिल्लू उचलतो, न्हाणीघरातून निघताना दोघं उघड्या अंगानं एकमेकांवर आदळतात, आजी जंगलात मंत्र म्हणत नाचते. प्रसंग एकामागून एक येतात, पण एकानं दुसऱ्यासाठी काही सोसलंय, काही सोडलंय असं त्यांत सापडत नाही. आईला मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. तिनं विचारलं, "किती दिस झाले ह्यांना?" मी म्हटलं, दोन-तीन. ती उठून कणीक मळायला गेली.

एक जागा मात्र खरी आहे, आणि ती तुम्हालाही आवडली असेल. रात्री ती पलंगावर, तो खाली जमिनीवर, आणि अंधारात ती स्वतःबद्दल बारीकसारीक सांगत जाते. सहावीत नाच शिकले, दर नाताळात एकच कादंबरी पुन्हा वाचते, फुलं आवडत नाहीत. मार्गारेट झालेली सँड्रा बुलक तिथं फार हळू बोलते. अशा आणखी दोन रात्री दिल्या असत्या तर लग्नाच्या मांडवात तिनं सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं असतं. दिग्दर्शिका अ‍ॅन फ्लेचर यांना मला हेच म्हणावंसं वाटतं की करारापासून प्रेमापर्यंतचा रस्ता लांब असतो, आणि आम्हाला तोच बघायचा होता. जगभरात तीस कोटी डॉलरच्या वर कमाई झाली म्हणून ही उणीव भरून निघत नाही.

तुम्हाला अशा कथेची आवड असेल तर गुरुदत्त यांचा 'मिस्टर अँड मिसेस ५५' बघा. तिथंही लग्न कराराचंच. नायिकेच्या, म्हणजे मधुबालाच्या, हातात वारसा पडावा म्हणून बेकार व्यंगचित्रकार नवरा पैसे देऊन आणलेला, आणि पुढं घटस्फोट घ्यायचा हे आधीच ठरलेलं. घटस्फोटाची मुभा देणारा हिंदू विवाह कायदा आला तेच १९५५ साल या सिनेमाचंही. घटस्फोटाबद्दल आणि बायकांच्या हक्कांबद्दल तो सिनेमा जे म्हणतो ते मला मुळीच पटत नाही. ती बाजू जुनाट आहे आणि त्याबद्दल माझा राग कायम आहे. पण तो मधुबालाला नवऱ्याच्या भावाच्या साध्या घरात नेऊन ठेवतो. तिथं वहिनी आहे, पोरं आहेत, चूल आहे. ती ते घर बघते, वहिनीशी बोलते, आणि तिचं मन कशानं हललं हे आपल्यालाही दिसतं.

आईनं तो घरापर्यंतचा भाग दोनदा लावायला लावला. वडील पडवीत बसून ऐकत होते.