आईवडील पोटासाठी परगावी, शाळा तीन ठिकाणी, भाषा तीन. याचा परराष्ट्र सेवेत उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की घर खानापूर तालुक्यातलं, आईवडील कामासाठी गोव्यात, शाळा थोडी तिकडे, थोडी आजीकडे आणि पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) बेळगावात. मराठी, कन्नड, कोकणी बोलता येतं. आयएफएसला, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेला, याचा फायदा किती?

फायदा आहे, पण तुम्ही समजताय तिथे नाही. तीन भाषा बोलता येतात म्हणून यूपीएससी एकही गुण देत नाही. निवड झाल्यावर सक्तीची परदेशी भाषा मिळते, अरबी, चिनी, रशियन, स्पॅनिश अशांपैकी एखादी. ती शिकायला त्या भाषेच्या देशात तृतीय सचिव (दूतावासातला सुरुवातीचा अधिकारी) म्हणून पाठवतात आणि तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. लहानपणी दोन-तीन भाषा कानावर पडलेल्याला तिथे नवे उच्चार लवकर बसतात, एवढंच. व्याकरण आणि लिपी सगळ्यांना सारखीच घाम फोडते. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३च्या तुकडीत आयएफएसमध्ये गेले आणि टोकियोत जपानी शिकले. कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावातून जपानी लिपीपर्यंत जायचं तर कान पुरत नाही, बैठक लागते.

खरा फायदा वेगळाच आहे. १ नोव्हेंबरचं उदाहरण घ्या. १९५६ साली त्याच तारखेला राज्यांची पुनर्रचना अमलात आली. बेळगावात एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी. एक जण ‘सीमाभाग’ म्हणतो, दुसरा कन्नडमध्ये ‘गडिनाडु’. कुणाच्या दारात ‘बेळगाव’ म्हणायचं आणि कुठे ‘बेळगावी’, हे इथल्या पोराला शाळेत जायच्या वयातच कळतं. एकाच शब्दाची धग दोन घरांत वेगळी असते, ही जाण मुत्सद्दी माणसाला रोज लागते. संयुक्त निवेदनाच्या मसुद्यात एका विशेषणावरून रात्र जाते ती याचमुळे.

पण ही जाण कागदावर उतरत नसेल तर निरुपयोगी. एक सराव सांगतो. एकाच घटनेची बातमी एका मराठी आणि एका कन्नड दैनिकातून घ्या. मग दोनशे शब्दांत टिपण लिहा: काय घडलं, कोणाला काय हवंय, कोण काय जाहीरपणे बोलू शकत नाही, वाट कुठे आहे. स्वतःचं मत शेवटच्या दोन ओळींत. दूतावासातून दिल्लीला जाणारा अहवाल साधारण याच घाटाचा असतो. लिहिलेलं दोन्ही बाजूंच्या माणसांना दाखवा. दोघेही ‘आमचं म्हणणं बरोबर मांडलंय’ म्हणाले तर जमलं.

इथेच एक खोड आड येते. जागा बदलत वाढलेल्या मुलांना सगळ्यांना राजी ठेवायची सवय लागते, दोन्ही डगरींवर हात. मुत्सद्दी हा मध्यस्थ नसतो. तो भारत सरकारचा माणूस असतो, समोरच्याचं म्हणणं नीट समजून घेऊन नकार देणारा. ही सवय मोडली नाही तर मुलाखतीतच उघडी पडते.

वकिलातीतल्या कामात मात्र तुमचं बालपण थेट उपयोगी. आखातात बऱ्याचदा मजुराचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, एजंटाचं कर्ज डोक्यावर असतं. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीची उचल आणि मुकादम पाहिलेल्याला हे समजावून द्यावं लागत नाही. पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे कामासाठी ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते अशी नोंद, का असते (साधारणपणे दहावी पास नसलेल्यांच्या), अडकलेल्यांसाठी २००९ पासून असलेला भारतीय समुदाय कल्याण निधी कसा वापरतात, हे आत्ताच वाचून ठेवा. बरेच उमेदवार आयएफएस म्हणजे मेजवान्या समजतात.

आता परीक्षा. मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा ३०० गुणांचा पेपर असतो: निबंध १००, उतारा ६०, सारांश ६०, भाषांतर ४०, व्याकरण ४०. पासापुरते २५ टक्के, म्हणजे ७५. ते नाही मिळाले तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. तुटक शाळा झालेली मुलं नेमकी इथे मार खातात: बोलणं अस्खलित, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आणि हात संथ. मराठी घ्या किंवा कन्नड, पण ज्या लिपीत तासभर न थांबता लिहिता येतं तीच. दोन्ही अर्धवट असतील तर साहित्य हा वैकल्पिक विषय घेऊ नका; मराठी घरात बोलतो म्हणून मराठी साहित्य घेणारे बरेच फसतात.

कागदपत्रांकडे लोक उशिरा वळतात. कर्नाटकात नावामागे आद्याक्षरं, गोव्यात नाव-वडील-आडनाव. ‘गावडे’चं इंग्रजी स्पेलिंग तीन दाखल्यांत तीन तऱ्हेचं. जन्मतारीख एसएसएलसीच्या (दहावीच्या) दाखल्यावरचीच धरतात, म्हणून बाकी सगळे कागद त्याला जुळवून घ्या. ओबीसी असाल तर जात राज्याच्या यादीत असून भागत नाही, केंद्राच्या यादीत लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात.

मुलाखत २७५ गुणांची. अर्जात बेळगाव दिसलं की सीमाप्रश्न येणार असं धरूनच चला. १९५६ची पुनर्रचना, सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग १९६६ आणि त्याचा अहवाल १९६७, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला २००४चा दावा, एवढं क्रमाने सांगा. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे म्हणा, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून घटनेत कलम ३५०अ आहे हे जोडा. घरची बाजू घेतलीत तर पडलात, काहीच मत नाही म्हणालात तरी पडलात. आणि पसंतीक्रमात आयएफएस वर ठेवा: जागा मोजक्या असतात आणि वाटप गुणानुक्रम व पसंती पाहूनच होतं.

एवढ्या वर्षांची तयारी घराला परवडणार नसेल तर एसएससीची (कर्मचारी निवड आयोगाची) सीजीएल ही पदवीधरांसाठीची परीक्षाही द्या. पदवीवर परराष्ट्र मंत्रालयात सहायक विभाग अधिकारी होता येतं, त्या नोकरीतही परदेशी दूतावासांत नेमणुका मिळतात, आणि वय व प्रयत्न शिल्लक असतील तर यूपीएससीची वाट उघडीच राहते.