संगीत, सूर्य, एआय आणि मासे: एकाच विद्यापीठातल्या संशोधनांचा एकमेकांना काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की मुलीला गाणं आणि विज्ञान दोन्हींची ओढ आहे. तिने निवडलेल्या विद्यापीठात संगीतशास्त्र, सौरभौतिकी, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माशांची आनुवंशिकी असे चार संशोधन गट आहेत. त्यांचा एकमेकांशी खरंच संबंध येतो, की ती नुसती माहितीपत्रकातली शोभा?

येतो. मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करते. अशा सगळ्या गटांची गणितं आमच्याच यंत्रांवर चालतात, त्यामुळे कोण कुणाकडून काय उसनं घेतं ते मला रोज दिसतं.

एक प्रसंग सांगते. संगीत विभागातली एक विद्यार्थिनी तंबोऱ्याची ध्वनिमुद्रणं घेऊन आली. मी मूळची मिरजेची, तंबोरा म्हटल्यावर खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले. तिच्या आलेखात प्रत्येक स्वराच्या दोन्ही बाजूंना, अगदी सारख्या अंतरावर, बारीक जादा रेषा दिसत होत्या. तिला वाटलं, जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीमुळे तारेला येणाऱ्या झणझणीचा, आजवर कुणी न नोंदलेला गुण सापडला. प्रबंधाचं एक प्रकरण त्यावर उभं राहायच्या बेतात होतं. सौरभौतिकीतला एक संशोधक आपलं काम संपायची वाट बघत मागे उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "रेकॉर्डिंगमधून ठरावीक वेळाने काही गळतंय का?"

गळत होतं. रेकॉर्डर सेकंदाला दहा वेळा अगदी निमिषभर आवाज टिपायचा सोडत होता. कानाला ती जवारीचीच किंचित खरखर वाटत होती. जादा रेषा खऱ्या स्वरांपासून दहा-दहा हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला दहा कंपनांच्या अंतरावर होत्या, त्या याच कारणाने.

त्याला हे एका नजरेत कळलं, कारण सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांना याच दुखण्याने छळलेलं आहे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होतो. रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत आढळलं. पुढे कळलं की सूर्याच्या पोटात कोंडलेल्या ध्वनिलहरींचा हा परिणाम आहे. असे लाखो स्वर तिथे एकाच वेळी चालू असतात. काही लहरी पृष्ठभागाजवळूनच परततात, काही खोलवर जाऊन येतात. म्हणून त्यांचे स्वर नीट मोजले की न दिसणारं पोट वाचता येतं. पृष्ठभागावर विषुववृत्ताला एका फेरीला सुमारे २५ दिवस लागतात, ध्रुवांकडे ३० हून जास्त. हा फरक साधारण वरच्या तीस टक्के खोलीपर्यंतच टिकतो आणि त्याखालचा भाग जवळजवळ एकसंध फिरतो, हे या स्वरांवरूनच समजलं. कुणीही तिथे न जाता! मला अजूनही या गोष्टीचं नवल वाटतं.

पण एकाच वेधशाळेतून पाहिलं तर रोज रात्री नोंद तुटते. दर २४ तासांच्या त्या खंडामुळे प्रत्येक खऱ्या स्वराच्या शेजारी खोटे स्वर उभे राहतात. म्हणून १९९५ पासून पृथ्वीभर सहा ठिकाणांहून आळीपाळीने सूर्यावर नजर ठेवली जाते, म्हणजे तो कुठे ना कुठे दिसत राहतो. त्या जाळ्याचं नाव गाँग, आणि सहांपैकी एक ठिकाण आपल्या उदयपूरला आहे. तंबोऱ्याचं गळणं आणि सूर्याची रात्र, दोन्हींचं गणित तंतोतंत एक.

तुमची मुलगी तबल्याच्या साथीला गात असेल तर तिला आणखी एक धागा दाखवा. नुसतं ताणलेलं गोल कातडं वाजवलं तर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे बेमेळ उपस्वर निघतात. मधली शाई, म्हणजे तो काळा लेप, कातड्याला तिथे जड करते आणि ते उपस्वर पूर्णांकी पटींच्या जवळ आणते, म्हणून तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली हे मांडलं. थाप पडल्यावर कातड्याचा कोणता भाग हलतो, कोणत्या रेषा स्थिर राहतात, हेच सूर्याच्या गोलावरही बघायचं असतं. ज्यांनी शाई घोटली त्यांना गणित येत नव्हतं, पण कान होता.

माशांचं नातं जरा आडवळणाने येतं. हिडन मार्कोव्ह मॉडेल ही पद्धत गणितज्ञ लिओनार्ड बॉम यांच्या १९६० च्या दशकातल्या कामातून आली. समोर जे येतंय त्यावरून मागची न दिसणारी अवस्था ओळखायची, असा तिचा गाभा. बोलणं ओळखणाऱ्या यंत्रांनी ती उचलली. मग डीएनएच्या सलग अक्षरांत जनुक कुठे सुरू होतं ते शोधायला ती वापरली गेली, आणि वादक स्वरलिपीत कुठवर पोचला ते ओळखायलाही.

नुसत्या उपमांवर माझा फार विश्वास नाही, तरी एक मात्र मला मनापासून पटते. भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध. कोणते स्वर आले एवढंच पाहणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्ही राग एकच. आपल्याला मात्र गंधारावरचा मुक्काम आणि धैवतावरचा मुक्काम लगेच कळतो. आता स्टिकलबॅक हा छोटा मासा पाहा. समुद्रातल्या स्टिकलबॅकला पोटाखाली काटे असतात. हिमयुग ओसरल्यावर गोड्या तळ्यांत राहिलेल्या काही वंशांचे काटे गेले. पिटएक्स१ या जनुकातून बनणारं प्रथिन मात्र दोघांत सारखंच. ते जनुक पोटाजवळ चालू करणारा, डीएनएचा शेजारचा तुकडा तेवढा गळाला. डेव्हिड किंग्सले यांच्या गटाने हे २०१० मध्ये दाखवलं. स्वर तेच, ते कुठे लागतात ते बदललं.

एआयकडे आता सगळेच धावतात, आणि त्याचा उपयोग मोठा आहे. पण त्या विद्यार्थिनीची बिघडलेली रेकॉर्डिंगं एखाद्या मॉडेलला शिकवली असती तर त्याने त्या खोट्या रेषाही तंबोऱ्याचा गुण म्हणून निमूटपणे शिकून घेतल्या असत्या. तिथे मागे उभा राहून प्रश्न विचारणारा माणूसच लागतो.

म्हणून मुलीला सांगा, फूरिये विश्लेषण (आवाजातले स्वर वेगळे काढायचं गणित) आणि संख्याशास्त्र पहिल्या वर्षीच नीट शिकून घे आणि रियाज सोडू नकोस. प्रवेश घेण्याआधी विभागाला दोनच गोष्टी लिहून विचारा: दुसऱ्या विभागाच्या चर्चासत्रांना बसता येतं का, आणि प्रबंधाला दोन विभागांचे मार्गदर्शक चालतात का. शेवटचा असा प्रबंध कुणी आणि कधी केला, हेही विचारा. उत्तरात एखादा खराखुरा प्रबंध आला तर बिनधास्त पाठवा. "तशी सोय आहे, पण अजून कुणी घेतलेली नाही" असं आलं, तर तुमची शंका बरोबर होती असं समजा.