रुपयाची किंमत : देशात एक, परदेशात दुसरी

प्रश्न : क्रयशक्ती समतेनुसार, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतील फरक जमेस धरून, भारताची अर्थव्यवस्था जगात तिसऱ्या क्रमांकाची मानली जाते, मग मुलीच्या परदेशातील शिक्षणाचे शुल्क भरताना रुपया इतका तोकडा का पडतो?

उत्तर : देशोदेशीच्या किमती पडताळून पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०१७ च्या फेरीनुसार, अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू व सेवा भारतात सरासरी २०.६५ रुपयांना मिळत होत्या, तर बाजारातील विनिमय दर सुमारे ६५ रुपये होता. म्हणजेच आपली किंमतपातळी अमेरिकेच्या एक तृतीयांशाहूनही किंचित कमी होती.

ही तफावत मुख्यतः सेवांमुळे पडते. खनिज तेल किंवा मोबाइलचे सुटे भाग जगभर विकले जातात, त्यामुळे त्यांच्या किमती देशोदेशी फारशा वेगळ्या राहत नाहीत. परंतु केस कापणे, घरकाम, शिकवणी या सेवा आयात करता येत नाहीत आणि त्यांचे दर स्थानिक मजुरीवर ठरतात. उद्योगांची उत्पादकता वाढली की देशातील सर्वच क्षेत्रांत मजुरी वाढते आणि या सेवाही महागतात, हे अर्थतज्ज्ञ बेला बालासा व पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. आपली स्वस्ताई बऱ्याच अंशी कमी मजुरीतून आलेली आहे, हे विसरता कामा नये.

परदेशी विद्यापीठाचे शुल्क मात्र बाजारातील दरानेच भरावे लागते. शिवाय गरीब कुटुंबाचा मोठा खर्च अन्नावर होतो आणि अन्न सेवांइतके स्वस्त नसते. म्हणून ही सरासरी त्यांची स्थिती आहे त्यापेक्षा बरी दाखवते, असे मला वाटते.