जाड पत्रा नको, कोरडं पाचट टाका

प्रश्न (मोहोळ तालुका): गोठ्यावर लोखंडी पत्रा आहे. दुपारी गाई धापा टाकतात, दूधही घटलंय. जाड पत्रा बसवला तर गरम कमी होईल का? गेल्या उन्हाळ्यात पाचट टाकून त्यावर रोज पाणी मारलं. आधी बरं वाटलं, पुढे काही फरक पडेना.

उत्तर: जाड पत्र्यावर पैसे घालू नका. अर्ध्या मिलिमीटरचा घ्या नाहीतर एक मिलिमीटरचा, लोखंडातून उष्णता इतक्या सहज जाते की तेवढ्या जाडीने तिला काहीच अडत नाही. पहाटे सावलीतलं खुरपं उचलून बघा. पातं गार लागतं, लाकडी मूठ तेवढी लागत नाही. रात्रभर दोन्ही एकाच जागी पडलेली, तापमान दोन्हींचं सारखंच. पातं तुमच्या हाताची ऊब झटकन ओढून घेतं, मूठ घेत नाही. एवढाच फरक.

उष्णतेला खरी अडवते ती कोंडलेली, हलू न शकणारी हवा. हवेच्या मानाने लोखंडातून सुमारे 2000 पट उष्णता वाहते. पाचटाच्या काड्याकाड्यांत अशी हवा अडकून बसते, आणि खरं काम तीच करते. पाण्यातून मात्र हवेच्या 20 पटींहून जास्त उष्णता जाते. तुमचं पाचट भिजलं, दबलं, कुजलं. हवेची जागा पाण्याने घेतली. सुरुवातीला जो गारवा मिळाला तो पाणी वाळण्याचा होता. मे महिन्यात आपल्याकडे रोज छपरावर मारायला पाणी आणायचं कुठून?

आता असं करा. पत्र्यावर आधी तुराट्यांची ताटी आडवी टाका, म्हणजे खाली पोकळी राहील. तिच्यावर कोरडं पाचट 9 इंच ते 1 फूट, मोकळं पसरा. तुडवू नका. थर दुप्पट केला की त्यातून येणारी उष्णता निम्म्यावर येते. वावटळीत उडू नये म्हणून वरून जुनी शेडनेट ताणून बांधा. चांगला कडबा छपरावर घालू नका, तो जनावरांच्या तोंडी जाऊ द्या. वळवाने भिजलंच तर उलटंपालटं करून वाळवा.

आपल्या जुन्या माळवदांत, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांत, दुपारी गार का वाटतं, याचं उत्तर थोडं वेगळं. मातीचा जाड थर उष्णतेला सावकाश आत सोडतो. दुपारचं ऊन खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. ती माळवदं पाडून पत्रे टाकताना मला खरंच वाईट वाटतं.

आणि एक काटेकोर पाळा. कोरडं पाचट ठिणगीने पेटतं. गोठ्यावरून विजेची तार गेली असेल किंवा शेजारी चूल असेल, तर छपरावर पाचट टाकूच नका. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्या आणि आतून पत्र्याखाली हातभर पोकळी सोडून बांबूची तट्टी बांधा.